भांडणाची कॅसेट

दादरला मला गाणं शिकवणाऱ्या बाई अजून आहेत, असं ऐकते. असू देत. त्यांच्याबद्दल मला चांगलं काही लिहायचं नाही. माणूस म्हातारं झालं की त्याचं सगळं विसरायचं, असं पुष्कळ लोक मानतात. मी मानत नाही.

आई, वडील, मी आणि धाकटा भाऊ, आम्ही परळला चाळीत राहायचो. एकच खोली, मागे मोरी, पुढे सगळ्यांची मिळून गॅलरी. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर दुसऱ्या एका गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या ऑफिसच्या गेटवर ते सिक्युरिटी म्हणून उभे राहू लागले. आई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. चाळीच्या गणपतीत मी आरती म्हणायला लागले की बाकीच्यांचा आवाज बुडायचा. त्यावरून आईच्या मनाने घेतलं की पोरीला गाणं शिकवायचं, आणि तेही दादरला. लालबागला शिकवणारे होते, पण आईला दादरच हवं होतं. दादरच्या मुलींकडे जे असतं ते आपल्या मुलीकडे असावं, एवढीच तिची इच्छा होती. त्या इच्छेचा मला पुढे फार राग आला.

बाईंचा क्लास त्यांच्याच घरी, दुसऱ्या मजल्यावर. सतरंजी, पेटी, खिडकीत जाईचा वेल, आणि हळू आवाजात बोलणाऱ्या मुली. पहिल्या दिवशी बाईंनी मला सा लावायला सांगितला. मी लावला. पेटीवरची त्यांची बोटं थांबली.

"कुठे राहतेस?"

"परळला."

"हं," त्या म्हणाल्या.

त्या 'हं'चा अर्थ मला समजला नाही. शेजारी बसलेल्या मुलीला मात्र समजला, कारण ती हसली.

बाई वाईट शिकवायच्या असं मी म्हणणार नाही. ज्यांना शिकवायचं त्यांना त्या मन लावून शिकवायच्या. माझ्या वाटेला फक्त "हळू" एवढाच शब्द यायचा. हळू. अजून हळू. ओरडू नकोस, हा भाजीबाजार नाही. मी हळू गायले की माझा सूर पडायचा आणि मोठ्याने गायले की बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलायचे. गॅलरीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची तर मोठ्यानेच मारावी लागते. माझ्या आवाजात काही खोट आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

वर्षाच्या शेवटी दादरच्या एका हॉलमध्ये क्लासचा कार्यक्रम असायचा. त्यात आमचं समूहगान होतं. पडदा उघडायच्या आधी बाई माझ्याजवळ आल्या आणि माझा दंड धरून त्यांनी मला मागच्या रांगेत नेलं.

"तू नुसते ओठ हलव. आवाज काढायचा नाही. कळलं?"

"का बाई?"

"कारण बाकीच्या मुली ऐकू आल्या पाहिजेत."

मी ओठ हलवले. खाली तिसऱ्या रांगेत आई बसली होती. लग्नाकार्याला नेसायची साडी नेसून, चाळीतल्या बायकांना बरोबर घेऊन आली होती. मला बघायला मान उंच करत होती. गाणं संपल्यावर सगळ्यांत आधी तिनेच टाळ्या वाजवल्या.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "तुझा आवाज बरोबर कळत होता गो. एवढ्या जणींत वेगळा."

"हो तर," शेजारच्या काकू म्हणाल्या. "खणखणीत."

मला बाईंचा राग यायला हवा होता. आला तो आईचा. जे झालंच नाही ते तिला ऐकू आलं होतं, आणि त्यात ती खूश होती. त्या दिवसापासून मी तिच्याशी नीट बोलेनाशी झाले. तिला वाटलं, वय आहे.

त्याच सुमारास आत्या आमच्याकडे राहायला आली. वडिलांची मोठी बहीण. शिवडीला राहायची, नवरा गोदामात मुकादम होता. एके दिवशी सकाळी पत्र्याची ट्रंक आणि काखेत टेपरेकॉर्डर घेऊन ती दारात उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, "आता मी थय जावचंय नाय." तिकडे आता जाणार नाही, एवढंच. का, काय झालं, हे तिने कधीही सांगितलं नाही. कपाळावर भुवईच्या वर एक ताजी खोक होती. ती सगळ्यांनी बघितली आणि कुणी तिच्याबद्दल विचारलं नाही.

आत्या गरीब बिचारी होती असं कुणी समजू नये. तिच्याइतकी भांडखोर बाई मी दुसरी पाहिली नाही. परळच्याच एका हॉस्पिटलात ती आया म्हणून लागली आणि तिथलं सगळं घरी आणायची. डॉक्टरांना शिव्या, नर्सला शिव्या, पेशंटच्या नातेवाइकांना शिव्या. आमटी अळणी, खोबरं खवट, वडील बायकोच्या मुठीतले, मी आळशी. आई तिला "वन्सं" म्हणून मान द्यायची आणि पाठ वळली की पातेली आपटायची. एका खोलीत दोन बायका अशा राहत होत्या की मधून जाताना मला अंग चोरावं लागायचं.

टेपरेकॉर्डर ट्रंकेवर ठेवलेला असे. त्याला कुणी हात लावायचा नाही, हा आत्याने पहिल्याच दिवशी घातलेला नियम. तिच्याकडे कॅसेट एकच होती. ती कधी लावलेली मी ऐकली नव्हती. एकदा आत्याची दुपारची ड्युटी होती आणि आई बाजारात गेली होती, तेव्हा मी ती लावली.

आधी ढोलकी, मग एक बाई. आवाज कसा होता ते सांगायचं तर, परातीत वाळू घासल्यासारखा. वरच्या सुराला तो फाटायचा आणि ती तिथेच, फाटलेल्या जागेवरच थांबून राहायची. गाणी कोकणातल्या बायकांची होती, लग्नात, शिमग्याला, जात्यावर म्हणायची, आणि एकूण एक भांडणाची. सून सासूला सुनावते. विहिणी एकमेकींची उणीदुणी काढतात. एक बाई समुद्राला विचारते, माझा माणूस नेलास तो नेलास, वर आता गाजतोस कशाला? एक तर देवाशीच भांडते, की एवढे नारळ खाल्लेस त्यातल्या एकाचा तरी हिशेब दे. दुसऱ्या बाजूला एक गाणं होतं, वाद्य काही नाही. त्यात मधेच तिला खोकला येतो. ती खोकते, आणि पुढची ओळ धरते. तो खोकला त्यांनी तसाच ठेवला होता.

मी कव्हर हातात घेऊन जमिनीवर बसले. फोटोत एक तरुण बाई, नाकात चमकी, कॅमेऱ्याकडे न बघणारी. मला रडायला वगैरे आलं नाही. राग आला. म्हणजे असं गायलेलं चालतं. असं गाणाऱ्या बाईची कॅसेट निघते, तिच्यावर फोटो छापतात, आणि मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मागच्या रांगेत उभं करून ओठ हलवायला लावलं होतं.

त्यानंतर आत्याच्या दुपारच्या ड्युटीची मी वाट बघू लागले. गाणी पाठ झाली. आणि एके दिवशी आत्या लवकर घरी आली.

"हात लावलंस?" ती दारातूनच म्हणाली.

मी बटण दाबून टेप बंद केला. तिने चपला काढल्या, आत आली आणि माझ्या थोबाडीत मारली. आमच्याकडे मार नवीन नव्हता, पण मी तिच्याकडे बघून बोलले ते नवीन होतं. मी म्हटलं, "मार. मी परत लावणार."

मग मोरीत जाऊन तिने हातपाय धुतले, पदराला तोंड पुसलं, येऊन खाटेवर बसली आणि म्हणाली, "लाव."

मी लावला. मी जमिनीवर, ती खाटेवर. दोघींची तोंडं दोन भिंतींकडे. पहिली बाजू संपली तेव्हा ती म्हणाली, "माज्या घोवाक ह्यो आवाज सोसा नाय. लावलंय की तो भायर जाय. म्हणान मी लावी." नवऱ्याला हा आवाज सहन होत नसे, लागला की तो घराबाहेर निघून जाई, म्हणून ती लावायची.

"तुला गाणी आवडतात म्हणून नाही?"

"गप ऱ्हव. दुसरी बाजू लाव."

मग आई बाजारात किंवा साड्या पोचवायला गेली आणि आत्या घरी असली की मी लावू लागले. आत्या कौतुक कधी करायची नाही. मी बरोबर गुणगुणायला लागले तर म्हणायची, "खोटा गातंस. दादरच्या बायेसारख्या गातंस." मी आवाज काढला की "हां" म्हणायची आणि पान लावायला घ्यायची. त्या 'हां'साठी मी काहीही केलं असतं, हे मला आता लिहितानासुद्धा आवडत नाही.

गाणं शिकणं म्हणाल तर ते तिथे झालं, मारकुट्या आत्यासमोर, खाटेच्या पायाशी. दादरचा क्लास चालूच होता. आई चुकवू द्यायची नाही. मी जायचे, हळू गायचे, यायचे.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात पुन्हा समूहगान, पुन्हा मागची रांग. या वेळी बाईंनी काही सांगितलंसुद्धा नाही. नुसतं मागे बोट केलं. पडदा उघडला. खाली आई होतीच, या वेळी वडिलांनाही घेऊन आली होती. पहिलं कडवं मी ओठ हलवले. दुसऱ्या कडव्याला मी तोंड उघडलं.

मी बेसूर गायले नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. सूर बरोबर होता. पण तो आवाज त्या मुलींच्या आवाजांत मिसळणारा नव्हता. पुढच्या रांगेतली एक मुलगी दचकून मागे वळली. दुसरी गायची थांबली. तिसरी हसू लागली. गाणं कसंबसं शेवटपर्यंत गेलं तेव्हा ते मी एकटी गात होते. पडदा पडायच्या आतच बाई विंगेतून पुढे आल्या होत्या.

"कोण ते? तूच ना?"

"मीच."

त्यांनी मला तिथे काही म्हटलं नाही. माझा हात धरून मला हॉलच्या बाहेर, आईबाबांसमोर नेऊन उभं केलं. आजूबाजूला सगळे पालक होते.

"हिला दुसरं काहीतरी शिकवा," बाई आईला म्हणाल्या. "शिवण वगैरे. गाणं हे सगळ्यांचं काम नाही."

आईच्या उजव्या हाताच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. ते हात तिने जोडले. "चुकलं बाई. लहान आहे. पदरात घ्या."

"नाही, आता नको," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी आईशी हसून बोलू लागल्या.

मी तिथेच ओरडले, "आई, हात खाली कर." आईने हात खाली केले आणि त्यातल्याच एकाने माझ्या पाठीत धपाटा घातला. वडील चपलांकडे बघत होते.

घरी आल्यावर आईने विचारलं, हे असलं गाणं कुठून शिकलीस? वडिलांच्या तोंडून निघून गेलं, "ताईच्या त्या कॅसेटमुळे असेल."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आई उंबरठ्यात बसली होती. मांडीवर कॅसेट. तिने करंगळी घालून आतली फीत बाहेर काढली होती आणि ओढत होती. सावकाश, लोकरीचा गुंडा सोडवावा तशी. तपकिरी ढीग पायाशी पडला होता. मी तिच्या अंगावर धावून गेले. तिच्या हातातून ती प्लॅस्टिकची डबी ओढली, ती सोडेना, मी तिचं मनगट पिरगाळलं. तरी तिने सोडली नाही.

"त्या बाईने सगळ्यांसमोर मला शिवण सांगितलं," ती म्हणाली. "तुला काय जातंय? तू गायलीस नि मोकळी झालीस."

"तू हात जोडलेस!"

"तुझ्यासाठी जोडले!"

"मी सांगितलं होतं का?"

गॅलरीत बायका जमल्या. कुणी मध्ये पडलं नाही.

आत्या ड्युटीवरून आली. ढीग बघितला. मला वाटलं आता चाळ डोक्यावर घेईल. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कोणी?"

"मी," आई म्हणाली. "वन्सं, ह्या घरात मुलगी आहे."

"बरा," आत्या म्हणाली.

तिने ट्रंक भरली. वडील आले तेव्हा ती टेपरेकॉर्डर काखेत घेऊन उभी होती. "ताई, अगो थांब जरा," ते म्हणाले. "थांबतंय कित्याक?" ती म्हणाली आणि जिना उतरली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. हॉस्पिटलातली एक मैत्रीण वरळीच्या बीडीडी चाळीत एकटी राहायची, तिच्याकडे गेली आणि तिथेच राहिली. मी तिच्याकडे अधूनमधून जायचे, पण आमच्या घरी ती पुन्हा आली नाही. माझ्या भावाच्या लग्नालाही नाही. वडील शेवटचे हॉस्पिटलात होते तेव्हा आली, पण आई वर आहे म्हटल्यावर खाली झाडाखाली उभी राहिली. आई घरी गेल्यावर वर गेली.

गाणी माझ्या डोक्यात होती. ती ओढून काढता येण्यासारखी नव्हती. मी कॉलेज केलं, फोर्टमध्ये विम्याच्या ऑफिसात लागले. मला बघायला एक स्थळ आलं, गिरगावातलं, चांगलं शिकलेलं. मुलाची आई म्हणाली, गाणं येतं म्हणे, म्हणा की काहीतरी. मी ते सून सासूला सुनावते ते म्हटलं, सगळं, पूर्ण आवाजात. त्या बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. माझी आई त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलगा मात्र जिन्यात हसत होता म्हणे. हसणाऱ्याशी लग्न करायला हवं होतं, असं एक मैत्रीण अजून म्हणते. मी केलं नाही. त्याच्याशीही नाही आणि दुसऱ्या कुणाशीही नाही.

ऑफिसातल्या एकीच्या हळदीला लालबागला गेले होते, तिथे बायकांनी आग्रह केला म्हणून विहिणींचं गाणं म्हटलं. घरात एकच कल्लोळ झाला. तिथेच एक ढोलकी वाजवणारी बाई भेटली, मग मागे झील धरणारी एक. तिघी मिळून आम्ही कार्यक्रम करू लागलो. लग्नघरं, बचतगटांचे मेळावे, मग छोटे हॉल. दर कार्यक्रमाला मी सांगायचे की ही गाणी मी एका कॅसेटवरून शिकले, आणि गाणाऱ्या बाईंचं नाव घ्यायचे. गिरगावातल्या एका मंडळाचे चिटणीस मला म्हणाले होते, "छान आहे हो, पण थोडं गोड करा ना. लोक कुटुंबासकट येतात."

"कुटुंबातलीच गाणी आहेत," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. बाकीच्यांनी बोलावलं.

आणि त्या कॅसेटवाल्या बाईंचा मी शोध घेत होते. पुष्कळ वर्षं नुसती चौकशी करत होते. मग अलीकडे कळलं की त्या गिरगावातच राहतात. म्हणजे इतकी वर्षं बसच्या एका तिकिटावर होत्या. मी फोन करून एका रविवारी सकाळी गेले.

दार त्यांनीच उघडलं. सत्तरीच्या पुढच्या, नीटनेटक्या, मोत्यांच्या कुड्या. आणि बोलल्या तो आवाज ऐकून मला आधी वाटलं, ही त्यांची बहीण असेल. इतका गोड, इतका गुळगुळीत. भिंतीवर सत्काराचे फोटो होते. भावगीतांचे कार्यक्रम, भक्तिगीतांचे. मुलीने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. मी माझं सगळं सांगितलं. खोली, आत्या, दुपारी ऐकणं, आमचे कार्यक्रम.

त्या ऐकत होत्या. मग अवघडल्यासारखं हसल्या.

"ती कॅसेट अजून कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे नाही. पण मला सगळी पाठ आहे."

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "अहो, तो माझा आवाजच नाही. तापातून उठले होते मी. घसा पार बसला होता. मी सांगितलं त्यांना, आज नको. तर म्हणाले, स्टुडिओ परत मिळायचा नाही. रडत रडत गायलेय मी. लाजेने कुणाला दाखवलीसुद्धा नाही. ही गाणी मुळात अशी आहेत, ऐका."

आणि त्यांनी समुद्राशी भांडणाऱ्या बाईचं गाणं म्हटलं. सूर अगदी जागच्या जागी. हरकती, मुरक्या. समुद्र म्हणजे जणू पाहुणा, आणि त्याला चहाला बोलावलंय. मला किळस आली. दुसरा शब्द नाही.

"हे वाईट आहे," मी म्हटलं.

"काय?"

"हे. आत्ता गायलात ते. त्या बाईचा माणूस बुडालाय."

त्यांचा चेहरा बदलला. आवाज तसाच गोड राहिला. "तुम्ही माझ्या घरात बसून मला गाणं शिकवताय? मी चाळीस वर्षं गातेय."

"त्यातला एक दिवस चांगला गेला तुमचा. तो तुम्हाला नकोय."

"म्हणजे तुम्ही एवढी वर्षं माझ्या आजारपणाची नक्कल करत आलात," त्या म्हणाल्या. "मला तुमचं वाईट वाटतं."

मी चहा न पिता उठले. कुणीतरी थोबाडीत मारावी आणि वर त्याचंच बरोबर असावं, तसं वाटत होतं. मी बस पकडली आणि घरी न जाता वरळीला गेले.

चाळ पाडून तिथे आता टॉवर झालाय. आत्या आणि तिची मैत्रीण दोघी म्हाताऱ्या त्यातल्या एका नव्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि लिफ्टवाल्यापासून सोसायटीपर्यंत सगळ्यांशी भांडतात. मी आत्याला सगळं सांगितलं. सांगताना रडले.

"तिचो घसो बसललो?" आत्याने विचारलं.

"हो."

"मगे तू रडतंस कित्याक? तुजो घसो बसललो हा काय?"

"नाही."

"मगे झाला तर." आणि मैत्रिणीकडे वळून ती म्हणाली, "हिका जेवक वाड. आणि तू वाडतंस तसा थंड वाडू नको."

दिलासा म्हणतात तो हा नव्हे. तरी मी जेवले.

आई आता माझ्याजवळ असते. आमचं पंख्यावरून भांडण होतं, दुधावरून होतं, आणि कधीतरी त्या फितीवरून. ती म्हणते, पुन्हा सापडली तर पुन्हा ओढीन. मी म्हणते, पुन्हा मनगट पिरगाळीन. तिची औषधं मी देते. ती माझ्या कार्यक्रमाला कधी आलेली नाही आणि मी तिला बोलावलेलं नाही.

गिरगावाहून आल्यावर काही दिवसांनी त्या गायिकेच्या मुलीचा फोन आला. ऑफिसात होते. जिन्यात जाऊन घेतला.

"तुम्ही गेल्यापासून आई अस्वस्थ आहे," ती म्हणाली. "तुम्ही कार्यक्रमात तिचं आणि त्या कॅसेटचं नाव घेता म्हणे. ते बंद करा."

"नाव घेणार नाही," मी म्हटलं. "त्यांना नकोय तर नाही घेणार." म्हणून इथेही लिहिलेलं नाही.

"आणि गाणीही नका गाऊ."

"गाणी तुमच्या आईची नाहीत. त्यांनी गावाकडच्या बायकांकडून घेतली."

"मग निदान नीट तरी गा. आई म्हणते, तुम्ही शब्दही चुकीचे म्हणता."

"चुकले असतील. आता ते तसेच आहेत."

"तुम्ही फार उद्धट आहात."

"हो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतरचा आमचा कार्यक्रम लालबागला होता. शाळेचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढे बायका आणि मागे उभे राहिलेले पुरुष. ती मुलगी आली होती. पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होती, पुरावा म्हणून असेल. ढोलकीवालीने मला खुणेने विचारलं, हिला उठवू का? मी मान हलवून नाही म्हटलं. कॅसेटवरची सगळी गाणी आम्ही ओळीने म्हटली, मला येतात तशी, मला येतात त्याच शब्दांत. नारळाच्या गाण्याला मागचे पुरुषसुद्धा टाळी धरू लागले. ती शेवटपर्यंत बसली. मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला आणि उठली. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या समोरून गेली तेव्हा मीही तिला नमस्कार केला नाही.